पडद्यामागून हनीफ

मेलेल्या माणसाच्या शिंकेला तुम्ही कधी हसलाय का? नाही म्हणून मान हलवू नका, आधी आठवून बघा. नळदुर्गला खंडोबाच्या जत्रेत, बंडप्पाच्या तंबूत त्या संध्याकाळी जे जे बसले होते ते सगळे हसलेत. पोट धरून हसलेत. त्यातले निम्मे आज सांगतात, त्या साली आम्ही जत्रेला गेलोच नव्हतो. गेला होतात. मी पाह्यलंय तुम्हाला.

आधी बंडप्पा कोण ते सांगतो. बहुरूप्याच्या घरचा माणूस. बाप दारोग्याचं सोंग काढायचा, तालुकदाराचं काढायचा, व्याजाची वसुली करणाऱ्या रोहिल्याचं काढायचा. दारात उभं राहून घरधन्याला दरडावायचं, बायका आत पळाल्या की टोपी काढून मुजरा करायचा आणि सुपात जोंधळे घ्यायचे, हा धंदा. बंडप्पा बापाच्या मागं मागं अणदूर, जळकोट, इटकळ असा सगळा मुलूख हिंडला. सोंग त्याला बेताचंच जमायचं. अंगानं काटकुळा, दारोग्याचा कोट घातला की कोटच चालतोय असं वाटायचं. पण गळा! एकदा माणूस बोलताना ऐकला की तो त्याच्या घशात जाऊन बसायचा.

निजामाचं राज्य गेलं आणि बहुरूप्यांचं पोट गेलं, हे कुणी कुठं लिहीत नाही. लाल तुर्की टोपीच्या दारोग्याला भ्यायचं कोण? एका गावात तर तो वेश बघून लोकांनी बंडप्पाच्या बापाला दगड मारले; खरा वाटला म्हणून. नवे साहेब आले ते बुशकोट घालून, त्यांचं काय सोंग काढणार? बाप त्या झुरणीनंच गेला. बंडप्पानं कोट विकून टाकला, गोणपाटं शिवून तंबू केला, मधी तांबडा पडदा लावला आणि आपण पडद्यामागं खोक्यावर जाऊन बसला. आम्ही हैदराबादेतून मुंबई राज्यात गेलो त्याला दोन वर्षं झाली, त्या पौषातली ही गोष्ट. तंबू नवा, खेळ नवा.

बाहेर हलगीवाला ओरडायचा, "नाव घ्या, मानूस हाजीर! नाव घ्या, मानूस हाजीर!"

तमाशात आपण मांडी घालून बसतो, सोंगाड्या बोलतो, आपण हसतो. इथं तसं नव्हतं. इथं बसलेल्यातल्या कुणीही उठून आपल्या ओळखीच्या माणसाचं नाव घ्यायचं. पडद्यामागून बंडप्पा विचारायचा, "हाय का मानूस?" सगळ्या तंबूनं ओरडायचं, "हाय!" की लगेच पडद्यामागून तो माणूस बोलायला लागायचा. त्याच्याशी भांडा, त्याला प्रश्न विचारा, त्याची उणीदुणी काढा. तो त्याच्याच आवाजात, त्याच्याच तऱ्हेनं उत्तर देणार. माहीत नसलेला असला तर सरळ सांगायचा, "ह्यो आमच्या वळखीचा न्हाय, दुसरं नाव घ्या." पण तीस गावांतला बोलघेवडा माणूस त्याच्या ओळखीचा नाही असं क्वचितच व्हायचं.

मी तेव्हा सोलापूर-हैदराबाद सडकेवर खडी फोडणाऱ्या मजुरांची एकी बांधत नळदुर्गला राहत होतो; लोक लीडर म्हणायचे. मजुरांनी ओढून नेलं म्हणून तंबूत गेलो आणि रोजचाच झालो. काय लोक हसायचे! एक पाटील स्वतःची नक्कल ऐकून रागानं उठून गेला आणि दुसऱ्या दिवशी सोयऱ्यांना घेऊन आला, "माझी लावा" म्हणत. इटकळकडच्या एका बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं म्हणून शेजारणीकडून घेववलं, आणि मग पडद्याला म्हणाली, "म्हणा, चुकलं माझं."

पडदा खाकरला. "बरं बाई, चुकलं माझं."

"अजून एक बार."

"चुकलं गं, चुकलं!"

बाई खाली बसली. "लगीन झाल्यापास्नं ऐकायचं हुतं," म्हणाली. तिचा नवरा पुरुषांच्या बाजूला बसलेला. तंबू फाटायचा बाकी राहिला.

आता ते "हाय का मानूस?" का, ते नीट ध्यानात घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. लोकांना तो खेळाचाच भाग वाटायचा. तो खेळ नव्हता. बंडप्पाच्या बापानं त्याला बजावून ठेवलं होतं की जितेपणी माणसाची खुशाल टर उडव, पण मेलेल्याचं सोंग काढू नको. जिवंत माणूस आपला आवाज परत घेऊन जातो. मेलेला कुठं नेणार? तो तुझ्यापाशीच राहायला येतो. बहुरूप्यांच्या सगळ्या घरांत हा नेम. म्हणून बंडप्पा आधी विचारून घ्यायचा. कधी कुणी म्हणायचं, "गेला की तो औंदा," तर हा 'माफी असावी' म्हणून दुसरं नाव मागायचा. गावानं हाय म्हटलं की हाय. गाव खोटं बोलेल हे त्याच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नव्हतं आलं, आणि मी लोकांना चांगला ओळखतो अशी माझी घमेंड आहे.

त्या संध्याकाळी तंबूत जवळच्याच एका गावची माणसं खूप होती. गावाचं नाव लिहीत नाही, गावाला कळेल. पुढं खुर्ची टाकून बाबूराव बसलेला. गावचा मोठा, चाळीस गाद्या-लोडांच्या घरचा. तोंडात तंबाखूचा बार, आणि कुणालाही बोलवायचं तर एकच वाक्य, "येतोस का येऊ?" सबंध भागात पोरंसोरं त्या वाक्यानं एकमेकाला हाका मारायची. बंडप्पानं सुरुवातीलाच त्याची नक्कल केली होती. "ए सुताराऽ, येतोस का येऊ?" सगळ्यात जास्त बाबूरावच हसला. चांगल्या घरचा मनमोकळा माणूस, असं मलाही वाटलं.

बायकांच्या बाजूला त्याच गावची शांतम्मा बसली होती आणि तिच्याशेजारी सायराबी. शांतम्मा लिंगायताची, सायराबी पिंजाऱ्याची. भिंतीला भिंत लागून घरं. "दहा वर्सं हसली न्हाय बया तू, चल," म्हणून शांतम्मानंच तिला आणली होती.

मागच्या अंगानं कुणी तरी तरणा गडी ओरडला, "हनीफ पिंजारी!"

"हाय का मानूस?" बंडप्पानं विचारलं.

एरवी 'हाय' हे टाळी वाजल्यासारखं एकदम यायचं. या खेपेला जरा रेंगाळलं. मग पुढनं, खुर्चीवरनं पहिला आवाज आला, "हाय!" त्याच्या मागनं गावचे बाकीचे, "हाय! हाय!" त्यांच्या मागनं परगावचे, ज्यांना काहीच माहीत नव्हतं, ते तर सगळ्यात मोठ्यानं.

हनीफ हा सायराबीचा नवरा. दर वर्षी घटस्थापनेच्या आधी घरोघर अंथरुणं धुतात, गाद्या पिंजून घेतात, तेव्हा हा खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली टाकून दारोदार फिरायचा. कापूस नाकात जाऊन शिंकायचा, बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून शिंकायचा, आणि शिंक झाली की वाक्य जिथं सोडलं तिथनं पुढं चालू. बायका त्याच्याकडनं मुद्दाम लांबलचक गोष्टी सांगवून घ्यायच्या. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली, त्याच पंधरवड्यात तो घरातून गेला तो गेला. गाव सायराबीला सांगत आलं की हैदराबादला गेलाय, तिकडं गिरणीत लागलाय, येईल. एकानं तर त्याला नामपल्लीच्या स्टेशनवर पाह्यल्याचंही सांगितलं. दहा वर्षं हेच. आता ती समोर बसलेली असताना 'हाय' म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

पडद्यामागं धनुकलीची तार वाजली. तोंडानंच वाजवत होता तो, पण हुबेहूब. मग शिंक. एक, आणि तिच्यावर दुसरी.

"पाटलीनबाई, ये गादीमें रुई कम... आक्छीं! ...ढेकूण जादा! पिंजूं किसकू?"

तंबू कोसळला हसून. मीही हसलो. शिंकच तशी होती, हसायचं नाही म्हटलं तरी आतनं हसू फुटावं अशी. बायका पदरात तोंड घालून एकमेकींवर रेलल्या. "त्योच गं! त्योच!" असं म्हणत होत्या.

तेवढ्यात सायराबी उठून उभी राहिली.

"अजी," ती म्हणाली.

लोकांना वाटलं, आता मजा. नवरा-बायकोची जुगलबंदी.

"अजी, कां हैं तुमे?"

बंडप्पाला कळेना की बोलतंय कोण. पडद्यातनं त्याला दिसायचं नाही, तो डोळे मिटूनच बसायचा. विचारलं की उत्तर द्यायचं, हा खेळ. "कां जाता? इधरच हूं," पडदा म्हणाला. परत हशा.

"उस दिन कोन बुलाया था तुमकू? पिंजनेकू बुलाकू ले गये थे ना? कोन था?"

आता ऐका. बंडप्पाला काही माहीत नव्हतं. तो आठवणीनं चालत होता. पिंजाऱ्याला बोलावणार कोण? ज्याच्या घरी गाद्या जास्त तो. आणि त्याच्यावर लोक हमखास हसतात हेही त्याला ठाऊक होतं. म्हणून हनीफच्या आवाजात एक शिंक देऊन तो म्हणाला, "कोन बुलाता? वोच," आणि गळा बदलून, तोंडात तंबाखूचा बार धरल्यासारखं करून ओरडला,

"ए हनीफऽ, येतोस का येऊ?"

परगावचे हसले. गावचा एकही माणूस हसला नाही. एका तंबूत अर्धी माणसं हसतायत आणि अर्ध्यांचे चेहरे राखेचे झालेत, असं मी आजवर दुसरीकडं कुठं पाह्यलं नाही, बघायची इच्छाही नाही. हसणाऱ्यांना हळूहळू शेजारची शांतता लागली, तसे तेही थांबत गेले.

बाबूराव उठला. खुर्ची मागं पडली. "बंद कर हा चावटपणा!"

पडद्यामागच्या माणसाला वाटलं, खेळ रंगलाय. कुणी तरी पाहुणा बाबूरावाची बाजू घेऊन भांडतोय. त्यानं त्याच गळ्यानं उत्तर दिलं, "येतोस का येऊ?"

बाबूराव स्वतःच्याच आवाजाकडं बघत उभा राहिला. मग लोकांच्या अंगावरनं पाय टाकत बाहेर पडला. त्याच्या मागनं चारपाच जण. कोण कोण ते मी पाह्यलं. पण माझ्याआधी सायराबीनं पाह्यलं.

ती पडद्यापाशी गेली आणि पडदा बाजूला सारला. आत खोक्यावर घोंगडं पांघरून काटकुळा बंडप्पा बसलेला, डोळे मिटलेले, ओठांवर अजून बाबूराव. ती त्याच्याकडं बघत राहिली आणि पडदा सोडून दिला. रडली नाही. शांतम्मानं हात धरून बाहेर नेली.

आणि लोक? परगावच्या लोकांना खेळ आवडला. बाहेर पडताना मी कानांनी ऐकलं, "लई भारी! उद्याबी हनीफच लावा म्हणावं." एकानं तर मला विचारलं, "लीडर, ती बाई बी तंबूवाल्याचीच का? काय झकास बोलली." त्याची गचांडी धरली मी. लोकांनी सोडवलं. त्याचं काय चुकलं होतं म्हणा. तो आपला हसायला आलेला.

सकाळी तंबूत गेलो तर शांतम्मा बंडप्पाला सगळं सांगून बसली होती. हनीफला त्या दिवशी, सायराबी घरी नसताना, कुणाच्या नावानं बोलावणं आलं, वाड्यावर गाद्या पिंजायच्यात म्हणून तो धनुकली घेऊन कसा गेला, संध्याकाळी धनुकली तेवढी कशी कुणी दारात आणून टेकवून गेलं. भिंतीआडनं तिनं सगळं ऐकलं होतं आणि दहा वर्षं गिळून बसली होती. रझाकारांनी काय केलं ते मी अंगावर घेतलंय, ते मला कुणी शिकवायला येऊ नये. पण त्यांचा सूड पिंजाऱ्यावर का? त्यानं कुणाचं काय केलं होतं? कुणाच्या घराला आग लावली होती का? त्यानं फक्त गाद्यांतले ढेकूण मोजले.

बंडप्पा गोणपाटं सोडत होता. जत्रा अजून उठली नव्हती, पण हा निघाला होता.

"समद्यांनी हाय म्हणलं, लीडर," तो परत परत सांगत होता. "तुमीबी ऐकलं न्हवं? हाय म्हणलं." आणि मधीच वाक्य सोडून शिंकला. शिंक झाल्यावर आम्ही एकमेकांकडं बघितलं. ती त्याची शिंक नव्हती.

तेवढ्यात सायराबी आली. उन्हात उभी राहिली, आत येईना.

"बंडप्पादादा," ती म्हणाली, "एक डाव परत बोला."

"न्हाय वैनी. पाया पडतो. आमच्यात मेलेल्याचं..." शब्द तोंडातनं निसटला आणि त्यानं जीभ चावली.

"म्हणा की. म्हणा सरळ. मेलेल्याचं." ती आत आली. "म्या काल पडद्याकडं बघितलंच न्हाय. पडद्यामागं नक्कल हाय येवढं कळतंय मला. म्या मानसांकडं बघत हुते. कोन हसतंय, कोन न्हाय. मला कळलं. पर कळून काय उपेग? सकाळधरनं धा घरं हिंडले. म्हणलं, मेला येवढं म्हणा. घटकाभर आधी चुलीपाशी बसलेली बाई आतनं सांगती, घरात कुणी न्हाय म्हनून. अजून हैदराबादच सांगत्यात. मला रांडमुंड म्हणायला बी गावात कुनी तयार न्हाय. मग माझ्या घरधन्याच्याच आवाजात ऐकू दे मला. त्यांनी सांगितलं की झालं."

शांतम्मा म्हणाली, "सायरा, खुळी का काय? म्या सांगती की तुला, म्या!"

"तू काल सांगितलंस. दहा वर्सांनी. त्ये तंबूतनं निघालं तवा." शांतम्मा खाली बघायला लागली.

बंडप्पानं माझ्याकडं पाह्यलं. जणू मी सांगणार, काय करावं ते. मला सभेत बोलता येतं, मामलेदाराशी भांडता येतं. तिथं मी गोणपाटाची घडी करत बसलो.

तो सोडलेला पडदा परत बांधायला लागला. गाठ बसेना, ती सायराबीनं मारून दिली. तो मागं जाऊन खोक्यावर बसला. आम्ही तिघं पुढं मातीत बसलो. बाहेर जत्रेचा गोंगाट, रेवड्यावाल्यांच्या हाका, कुठं तरी पिपाणी.

"अजी," सायराबी म्हणाली.

तार वाजली नाही. शिंक आली नाही. हनीफचा आवाज तेवढा आला, पण थकलेला, पायी लांबनं आल्यासारखा.

"सायरा. मैं नै रहा. रस्ता नको देख."

तिनं मान हलवली. कुणी घरातलं काम सांगावं आणि आपण बरं म्हणावं, तशी. हात जमिनीवर टेकवून जरा पुढं सरकली.

"किधर रक्खे तुमकू? इत्ता बोलो. मट्टी तो दे लेती."

आम्ही ऐकत होतो. पडद्यामागं श्वास तेवढा वाजत होता आणि देवाशपथ सांगतो, तो एका माणसाचा वाटत नव्हता. बंडप्पाला एक विहीर सांगता आली असती, एक ओढा सांगता आला असता. तिचं समाधान झालं असतं. तो बाहेर आला, घामानं भिजलेला, थंडीच्या दिवसांत, आणि तिच्यापुढं बसला.

"वैनी, मला ठावं न्हाय. त्येंच्या तोंडून खोटं न्हाय बोलनार मी."

"न्हाय ना," ती म्हणाली. "त्येबी कधी बोलले न्हाईत." आणि उठून गेली.

त्या दिवसापासून तिनं घराचं दार लावून घेतलं. नळदुर्गच्या मौलवींनी समजावलं की बाई, नवरा जाऊन दहा वर्षं झाली, इद्दतीचे, विधवेनं घरात बसून काढायचे दिवस तेव्हाच उलटून गेले. ती आतनं म्हणाली, "तुमच्या हिसाबानं उलटले असतील." आणि पाळायची तेवढी पाळली. शांतम्मा दारात पाणी ठेवून जायची.

बंडप्पानं तंबू परत लावला नाही. आता तो नळदुर्गच्या एस. टी. थांब्याजवळ एका हॉटेलात पाणी भरतो. बोलत नाही. जत्रेला येणारे ओळखतात, "ए, मानूस हाजीर! लाव की एखादा," म्हणून छेडतात, हा तोंडावर गमछा धरून आत जातो. त्याची बायको पार्वतम्मा एकदा मला म्हणाली, "लीडर, घरात दोन मानसं ऱ्हात्यात. म्या एकाला वाढते आन् ताटावर दुसराच बोलतोय. मीठ कमी हाय म्हणून दखनीत सांगतोय." ती हे हसून सांगत नव्हती, रडूनही नाही. सवय झाल्यासारखं सांगत होती. बापानं घालून दिलेला नेम बंडप्पानं मोडला नाही, गावानं त्याच्या हातून मोडवला. पण राहायला आलेला माणूस गावाकडं गेला नाही. याच्याच घरी आला.

बाबूराव अजून मोठाच आहे, पंचांत बसतो. फक्त आता माणसाला बोलवायचं तर टाळी वाजवतो. ते वाक्य त्याच्या तोंडातनं गेलंय. पोरंही म्हणत नाहीत.

या सगळ्याला आता काही वर्षं झाली. सायराबी रोजानं खुरपायला जाते, थंडीच्या आधी हनीफच्या धनुकलीवर थोडाफार कापूसही पिंजते. उन्हाळ्यात त्या भागात कुठंही विहिरीचा गाळ काढायला लागले की तिला कुठनं कळतं कोण जाणे, ती येते आणि काठावर उभी राहते. टोपली वर आली की बघते, रिकामी झाली की परत खाली बघते. तिला कुणी हाकलत नाही. ये, बस, असंही कुणी म्हणत नाही. गाळ काढणारे गडी तिच्यासमोर एकमेकांशी बोलायचं बंद करतात.

तुम्ही त्या तंबूत होतात. 'हाय' म्हणणाऱ्यांत होतात. तुमच्यातल्या कुणाला तरी ती जागा माहीत आहे. मला सांगू नका, मी भांडखोर आहे, मी गप्प बसणार नाही. फौजदारालाही सांगू नका. कुणी केलं तेही सांगू नका, ते तिला माहीत आहे. फक्त एखाद्या दिवशी, ती शेतावरनं परत येताना, तिला वाटेत गाठा. तोंड दाखवायची लाज वाटत असेल तर मागनं चाला. आणि नुसतं बोट करून दाखवा तिला, कुठं ते.